कुर्तुब्याचे मास्तर देवयानीत

या वर्षी आठवीच्या वर्गात 'सय्यारा' हा शब्द मला शिकवावा लागला नाही. जुलै २०२५ मध्ये त्या नावाचा हिंदी सिनेमा आला आणि पोरींच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तो शब्द उर्दू, हिंदी, इंग्रजी, सगळ्या लिप्यांत दिसू लागला. शब्द पाठ होता, पण अर्थाची गफलत होती. त्यांच्या डोक्यात बसलं होतं की सय्यारा म्हणजे एकटाच भटकणारा तारा. उर्दूत तारा म्हणजे सितारा. सय्यारा म्हणजे ग्रह. आपण मराठीत 'सैर करायला' जातो, ती सैर आणि हा सय्यारा एकाच घरातले. एका जागी न थांबणारा, चालत राहणारा तो सय्यारा. ग्रीक लोकांनीही ग्रहांना भटकेच म्हटलं होतं, त्यातून 'प्लॅनेट' आला. माझे मामू बरीच वर्षं जेद्द्यात होते. ते म्हणतात, तिकडे रस्त्यावर सय्यारा म्हटलं की लोक मोटारगाडीच समजतात. तीही चालतेच की!

मराठीतला 'ग्रह' मात्र वेगळ्या स्वभावाचा. तो धरणारा, पकडणारा. ग्रहण, संग्रह, आग्रह हे सगळे त्याचेच भाऊबंद. उर्दूतला ग्रह चालतो, मराठीतला धरून ठेवतो. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टींचा फार आनंद होतो. पूर्वग्रहही याच कुळातला आणि तो बघायला दुर्बीण लागत नाही. मी अठरा वर्षं मराठी शिकवते आहे. तरी कुठल्याही प्रशिक्षणाला गेलं की चहाच्या रांगेत कुणीतरी म्हणतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" मी कप उचलते आणि पुढे सरकते.

तर, विज्ञानाचे सर निवडणुकीच्या ड्युटीवर गेले आणि त्यांचे बदली तास माझ्याकडे आले. भाषेच्या शिक्षकाने बदली तासाला शुद्धलेखन घ्यावं असा अलिखित नियम आहे. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'सूर्यमाला' आणि 'निज़ाम-ए-शम्सी'. मराठीत ती माळ आहे, उर्दूत व्यवस्था. एवढ्यावर पंधरा मिनिटं सहज गेली असती. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, बाकी सितारों की फॅमिली नहीं रहती क्या?"

असते. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून जास्त ग्रह आजवर सापडलेत. एकापेक्षा जास्त ग्रह असलेले तारेही आता हजाराच्या घरात गेलेत. केप्लर-९० या ताऱ्याला आपल्या सूर्याइतकेच आठ ग्रह आहेत, ट्रॅपिस्ट-१ ला सात. अशी पहिली ग्रहमाला १९९२ मध्ये सापडली खरी, पण ती एका मेलेल्या, विझलेल्या ताऱ्याभोवती. आपल्या सूर्यासारख्या जळत्या, जिवंत ताऱ्याभोवती एकाहून जास्त ग्रह असल्याचं पहिल्यांदा कळलं ते एप्रिल १९९९ मध्ये. तो तारा देवयानी तारकासमूहातला. खगोलशास्त्रज्ञ त्याला 'उप्सिलॉन अँड्रोमेडी' म्हणत. आपल्यापासून ४४ प्रकाशवर्षं दूर, सूर्यापेक्षा थोडा मोठा आणि बराच जास्त उजळ. त्याला तीन ग्रह.

मुलींचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, "दिसले कसे?" दिसले नाहीतच. ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसत नाही. दिसतो तो ताऱ्याचा डुलणं. बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र इतकं घोकून घेतलं होतं की अजून झोपेतही म्हणेन. म्हणून दोघींना पुढे बोलावलं, एक उंच, धिप्पाड आणि एक चिमुरडी, आणि फुगडी घालायला लावली. चिमुरडी मोठा घेरा घेत गरगर फिरते. पण धिप्पाड मुलगीही एका जागी उभी राहू शकत नाही. तिलाही छोटासा घेरा घ्यावाच लागतो. आता समजा अंधारात ती चिमुरडी दिसतच नाही, फक्त मोठी मुलगी दिसते. ती जर एका ठरावीक लयीत डुलत असेल, तर तिने कुणाचा तरी हात धरला आहे हे लांबूनही ओळखता येईल.

हे डुलणं मोजतात प्रकाशावरून. आमच्या मोमिनपुऱ्यापासून रेल्वे स्टेशन लांब नाही. गाडी जवळ येताना भोंग्याचा आवाज चढा वाटतो, लांब जाताना उतरतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे झुकला की त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, मागे गेला की लालकडे. आपला गुरू एवढा मोठा, तरी तो सूर्याला सेकंदाला साधारण बारा-तेरा मीटर वेगानेच हलवतो. म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटर. वर्धा रोडवर स्कूटी त्याहून जोरात जाते. देवयानीतल्या या ताऱ्याला त्याचा सर्वांत आतला ग्रह सेकंदाला सत्तर मीटरने हलवतो, म्हणून तो आधी सापडला, १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर लगेच.

खरी गोष्ट त्यापुढची. त्या एका ग्रहाचा हिशेब वजा केला तरी बाकी शून्य येईना. तारा अजूनही डुलत होता, पण वेगळ्या, सावकाश लयीत. लहान तीन मुलं आईची ओढणी धरून ओढत असली, एक घाईघाईने, एक थांबून थांबून आणि एक मोठं होऊन कधीतरीच, तर आईच्या चालीवरून मुलं किती हे कसं ओळखाल? एकाची ओढ वजा करायची, उरलेली चाल बघायची, मग दुसऱ्याची वजा करायची. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत या ताऱ्याची अकरा वर्षांची निरीक्षणं जमली होती. अ‍ॅरिझोनातून दुसरा गटही तेच मोजत होता. दोघांचा हिशेब जुळला तेव्हा तीन ग्रह निघाले. आतला ४.६ दिवसांत फेरी मारतो. आपला बुध, जो सगळ्यांत चपळ, त्याला ८८ दिवस लागतात! मधल्याला २४१ दिवस, बाहेरच्याला साडेतीन वर्षं. तिघेही गुरूच्या जातीचे अवाढव्य ग्रह. आणि आपले ग्रह कसे एका ताटात वाढल्यासारखे एकाच पातळीत फिरतात, तसंही तिथे नाही. मधल्या आणि बाहेरच्या ग्रहांच्या कक्षा एकमेकींना सुमारे तीस अंशांनी कललेल्या आहेत, हे २०१० मध्ये हबल दुर्बिणीच्या मदतीने कळलं. त्या घरात काहीतरी मोठं भांडण होऊन गेलं असावं.

मी इथे नावं सांगितली आणि वर्ग बदलला.

आंतरराष्ट्रीय खगोल संघाने अशा ताऱ्यांना आणि ग्रहांना नावं द्यायला जगभरातून सूचना मागवल्या, लोकांची मतं घेतली. पाच लाखांवर मतं पडली आणि १५ डिसेंबर २०१५ ला निकाल लागला. देवयानीतल्या या ताऱ्यासाठी मोरोक्कोतल्या एका खगोल मंडळाची नावं निवडली गेली. ताऱ्याचं नाव तितावीन. हे तेतुआन या मोरोक्कन शहराचं जुनं बर्बर नाव. त्याचा अर्थ डोळे, आणि त्यावरून पाण्याचे झरेसुद्धा.  ग्रहांची नावं आतून बाहेर अशी: सफ्फार, सम्ह आणि मजरीती. तिघेही हजार वर्षांपूर्वीच्या अंदलूसमधले, म्हणजे आजच्या स्पेनमधले खगोलशास्त्रज्ञ. अबुल कासिम मसलमा अल-मजरीती हे कुर्तुब्यातले गुरुजी. मजरीत म्हणजे आजचं माद्रिद, ते मूळचे तिथले. इब्न अस-सम्ह आणि इब्न अस-सफ्फार हे त्यांच्याच पठडीतले. एक मास्तर आणि दोन विद्यार्थी एका ताऱ्याभोवती फिरताहेत आणि मास्तर सगळ्यांत बाहेरच्या, सगळ्यांत संथ कक्षेत आहेत. माझ्या चाळिशीतल्या गुडघ्यांना हे पटलं.

मागच्या बाकावरची तीच मुलगी ताठ बसली. "मॅडम, मतलब ये अपने लोगों ने ढूँढे?"

उत्तर सोपं होतं. 'हो' म्हटलं असतं तर वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्रॅपिस्टचे सात ग्रह म्हणजेच सात आसमान, असा मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. दुसऱ्या ग्रुपवर, जिथे माझ्या बी.एड.च्या मैत्रिणी आहेत, तिथे सगळं वेदांतच होतं असा फिरतो. दोन्हीकडचा हात जोडल्याचा इमोजीसुद्धा एकच. या मुलींना अभिमान वाटावा असं फार कमी ऐकायला मिळतं, हे मला रोज दिसतं. तरी मी "नाही" म्हटलं. ग्रह शोधले अमेरिकेतल्या लोकांनी, अकरा वर्षं आकडे जमवून. या तिघांना शनीपलीकडे एखादा ग्रह असेल हेही माहीत नव्हतं. त्यांची फक्त नावं दिली आहेत. तिचा चेहरा पडला. मग तिनेच विचारलं, आणि तो प्रश्न मला जास्त आवडला, "तो फिर उन्होंने किया क्या था?"

मजरीतींच्या कामातलं एक मला फार जवळचं वाटतं. त्यांच्या दीडेकशे वर्षं आधी बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने ग्रहांच्या स्थितीची कोष्टकं केली होती. ती आपल्याकडच्या सिद्धांत पद्धतीवर आधारलेली होती. त्यातलं कालमापन जुन्या इराणी सनाचं आणि शून्य रेखा 'अरीन'ची. हे अरीन म्हणजे कोण? आपलं उज्जैन! अरबीत 'उज़ैन' लिहिलं गेलं, कुणाच्या तरी हातून ज़ेवरचा नुक्ता गळला, ज़ेचा रे झाला, आणि उज्जैनचं अरीन होऊन ते जगभर फिरलं. नुक्त्याचे मार्क मी का कापते, हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

मजरीतींनी ती कोष्टकं हिजरी सनात आणली आणि त्यातली काही कुर्तुब्याच्या रेखांशावर पुन्हा मांडली. म्हणजे हिशेब उज्जैनचा, पुस्तक बगदादचं आणि उपयोग आपल्या गावात. पुढे ११२६ मध्ये बाथच्या अ‍ॅडेलार्डने मजरीतींची आवृत्ती लॅटिनमध्ये नेली. ख्वारिज्मीचं मूळ अरबी पुस्तक आज उपलब्ध नाही. मास्तरांनी आपल्या गावासाठी केलेल्या आवृत्तीचं ते लॅटिन भाषांतर मात्र उरलं.

रेखांश बदलायचा म्हणजे काय करायचं, हे मुलींना सांगायला मला रमज़ानचं वेळापत्रक सापडलं. मुंबईचं टाइमटेबल बघून नागपुरात रोज़ा सोडला तर काय होईल? सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, नागपूर ७९. म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटांचा फरक. मुंबईच्या इफ़्तारची वाट बघत बसलो तर इथे खजूर समोर ठेवून उगीच अर्धा तास उपाशी. दर मोहल्ल्यात वाटला जाणारा तो कागद म्हणजे छोटं मजरीतींचं कोष्टकच. एकीची नानी भंडाऱ्याला असते. तिने नकाशातून अंश काढून सांगितलं, नानीचा रोज़ा आमच्या दोन मिनिटं आधी सुटतो. तिने घरी फोन करून खात्रीही केली. मग कुणीतरी विचारलं, सफ्फारवर इफ़्तार कधी? तो ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी. तिथे सूर्य मावळतच नसेल. यावर वर्गात जो फ़िक्हचा वाद झाला, तो तास संपला तरी संपला नाही.

सफ्फारचा अर्थ सांगितला तेव्हा आणखी एक हात वर आला. अरबीत सफ्फार म्हणजे पितळेची, तांब्याची कामं करणारा. आपल्याकडचा कासार किंवा तांबट म्हणा. तिचे आजोबा कल्हईवाले होते. इब्न अस-सफ्फार, म्हणजे कासाराचा मुलगा, कुर्तुब्यात अंकगणित, भूमिती आणि खगोल शिकवायचा. ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढायचं जे पितळी चकतीचं यंत्र, उस्तुरलाब, त्यावर त्याने लिहिलेली पुस्तिका पुढे कित्येक शतकं वाचली गेली. त्याचा भाऊ मुहम्मद ती यंत्रं स्वतः घडवायचा. त्याने १०२६ च्या सुमाराला केलेलं एक आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इब्न अस-सम्हने तर ग्रहांच्या जागा काढून देणाऱ्या यंत्रावर लिहिलं. ते लिखाण वाचलं ते स्पेनच्या ख्रिस्ती राजाने तेराव्या शतकात करून घेतलेल्या भाषांतरामुळे.

आम्ही उर्दूवाले कुर्तुबा म्हटलं की इक़बालच्या नज़्मेपाशी जातो आणि मशिदीचे खांब आठवून उसासे टाकतो. मला आता ती शाळा जास्त आठवते. मजरीती १००७ च्या सुमारास गेले आणि १००९ मध्ये कुर्तुब्यात यादवी पेटली. ती आपसातलीच होती. शहर लुटलं गेलं. सफ्फार दानियाला गेला, सम्ह गरनात्याला. तिथे जाऊन दोघांनी पुन्हा काम सुरू केलं.

आपल्याकडे हे सगळं लांबचं वाटतं, म्हणून दोन जवळच्या गोष्टी. २०१९ मध्ये भारताच्या वाट्याला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव द्यायला आला. ताऱ्याचं नाव ठरलं बिभा, बिभा चौधुरी या वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधकाच्या नावावरून. ग्रहाचं नाव संतमस, म्हणजे झाकोळलेला. ते सुचवलं होतं पुण्यातल्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. माझ्या वर्गातल्या मुलींच्याच वयाचा. ती सूचना मागवल्याचा कागद आमच्या सूचनाफलकापर्यंत पोचला नव्हता.

दुसरी गोष्ट नारायणगावजवळच्या खोडदची. तिथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. २००९ मध्ये त्यांनी हंस तारकासमूहातल्या 'हॅट-पी-११' या ताऱ्याकडे कान लावला. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा एक क्षीण रेडिओ संकेत बंद झाल्यासारखा वाटला. म्हणजे तो ग्रहाचाच असावा. २०१० मध्ये पुन्हा ऐकलं तर काहीच ऐकू आलं नाही. फ्रेंच आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१३ मध्ये निबंध छापला, त्याच्या शीर्षकात 'शोध' म्हटलं नाही, 'इशारा' मिळाल्याचं म्हटलं. हे मी मुलींना मुद्दाम सांगितलं. त्या ताऱ्यालाही २०१८ मध्ये दुसरा ग्रह सापडला, आता तोही कुटुंबवाला.

रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात घुमटावर सगळं झकास दिसतं, पण खरा तारा बघायचा होता. तितावीन डोळ्यांनी दिसतो, मात्र मोमिनपुऱ्याच्या गच्चीवरून नाही. इथे हायमास्टच्या उजेडात चंद्र दिसला तरी पुष्कळ. डिसेंबरच्या मध्यात रामटेकच्या बाजूला नणंदेच्या गावी गेलो होतो. रात्री आठच्या सुमाराला देवयानी अगदी डोक्यावरून किंचित उत्तरेला असते. आधी महाश्वाचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या कोपऱ्यातून ईशान्येकडे निघणारी तीन ठळक ताऱ्यांची ओळ म्हणजे देवयानी. त्या ओळीतला शेवटचा तारा अलमाक. पाश्चात्त्य नकाशातलं हे नावही अरबीच. अलमाकपासून देवयानी दीर्घिकेच्या पुसट डागाकडे निघालात की वाटेत, अलमाकच्या बाजूला, एक फिका ठिपका लागतो. तोच. जवळच्या त्या डागाला अस-सूफ़ीने ९६४ मध्ये आपल्या ताऱ्यांच्या पुस्तकात 'छोटासा ढग' म्हणून नोंदवलं होतं.

माझी धाकटी बराच वेळ दुर्बिणीतून बघत होती. मी तिला सांगितलं, हा उजेड तिथून निघाला १९८१ मध्ये, म्हणजे मी जन्मले त्या वर्षी. तिने त्यावर काही विशेष म्हटलं नाही. "इसमें मास्टरसाब कौन से हैं?" तिने विचारलं. तिघांपैकी कुणीच दिसत नाही, असं मी म्हटलं. तरी ती दुर्बीण सोडेना. शेवटी डास फार झाले, तेव्हा नणंदेने खाली जेवायला हाक मारली.